जीन सॅराझेन

जीन सॅराझेन (मूळ नाव: युजेनिओ साराचेनी, जन्म: २७ फेब्रुवारी १९०२, हॅरिसन, न्यू यॉर्क, मृत्यू: १३ मे १९९९, नेपल्स, फ्लोरिडा) हे अमेरिकेचे व्यावसायिक गोल्फपटू होते. यू.एस. ओपन, ब्रिटिश ओपन, पी.जी.ए. अजिंक्यपद आणि मास्टर्स या पुरुषांच्या गोल्फमधील चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारे ते पहिले खेळाडू होत. या चार स्पर्धांची त्यांची एकूण विजेतेपदे ७ आहेत. मात्र गोल्फच्या इतिहासात त्यांचे नाव केवळ या विजयांमुळे टिकून राहिलेले नाही. वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, अडकलेला चेंडू बाहेर काढण्यासाठी त्यांनी जी काठी घडवली, ती ‘सँड वेज’ या नावाने आज जगभरातील बहुतेक गोल्फपटूंच्या पिशवीत असते. बंकरमधील फटका हा स्वतः सॅराझेन यांच्या खेळातला कच्चा दुवा होता आणि तो पक्का करण्याच्या खटपटीतूनच हा शोध लागला.

जन्म व बालपण

सॅराझेन यांचे आईवडील इटलीतून अमेरिकेत स्थलांतरित झालेले होते. वडील फेडरिको सुतारकाम करीत. घरची परिस्थिती हलाखीची असल्यामुळे युजेनिओला लहानपणापासूनच कमाईला हातभार लावावा लागला. वयाच्या आठव्या वर्षी तो गोल्फच्या मैदानावर कॅडीचे काम करू लागला. खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणे, हरवलेला चेंडू शोधणे आणि मागितली जाईल ती काठी हातात देणे, हे कॅडीचे काम असते. पुढे राय येथील आपावामिस क्लबच्या मैदानावरही त्याने हे काम केले. त्या काळी गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ समजला जाई. ज्या मैदानावर हा मुलगा दिवसभर राबत असे, त्याचे सभासद होणे त्याच्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. खेळाचे पहिले धडे त्याने पैसे देऊन घेतले नाहीत. दुसऱ्यांचे फटके पाहूनच तो खेळ शिकला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात शिक्षण सोडून तो ब्रिजपोर्ट येथील शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात कामाला लागला. तेथे असताना त्याला न्यूमोनिया झाला. फुफ्फुसाभोवती पू साचल्याने शस्त्रक्रिया करावी लागली आणि काही काळ जिवावर बेतले. आजारातून उठल्यावर डॉक्टरांनी कोंदट कारखान्यातील काम सोडून मोकळ्या हवेत काम करण्याचा सल्ला दिला. सुताराच्या मुलाने सुतार व्हावे अशी घरची अपेक्षा होती. आजारपणामुळे ती वाट बंद झाली आणि गोल्फ हेच उपजीविकेचे साधन बनले.

याच सुमारास त्याने नाव बदलले. एका फटक्यात चेंडू होलमध्ये घातल्याबद्दल त्याचे नाव वर्तमानपत्रात छापून आले. छापील स्वरूपात पाहिल्यावर हे नाव गोल्फपटूपेक्षा एखाद्या व्हायोलिनवादकाचे वाटते, असे त्याला वाटले. तेव्हापासून युजेनिओ साराचेनी हा जीन सॅराझेन झाला.

सुरुवातीची कारकीर्द

१९२२ साली इलिनॉय राज्यातील स्कोकी क्लबच्या मैदानावर झालेली यू.एस. ओपन स्पर्धा सॅराझेन यांनी वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी जिंकली. शेवटच्या फेरीत ६८ फटके खेळून त्यांनी बॉबी जोन्स आणि जॉन ब्लॅक यांना एका फटक्याने मागे टाकले. त्याच वर्षी ओकमाँट येथे त्यांनी पी.जी.ए. अजिंक्यपदही मिळवले. एकाच वर्षी या दोन्ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले खेळाडू होते. १९२३ मध्ये पेलम येथील पी.जी.ए. स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी त्या काळचे नामवंत खेळाडू वॉल्टर हेगन यांचा पराभव केला. ३६ होलचा नियोजित सामना बरोबरीत राहिल्याने तो ३८ व्या होलपर्यंत लांबला होता.

१९२२ च्या यशानंतर मात्र त्यांना जमिनीवर आणणारा अनुभवही आला होता. १९२३ च्या ब्रिटिश ओपनसाठी ते स्कॉटलंडमधील ट्रून येथे गेले. परंतु वादळी हवेत झालेल्या पात्रता फेरीतच ते बाद झाले. १९२८ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यातील सँडविच या समुद्रकाठच्या गावी याच स्पर्धेत ते हेगन यांच्याहून दोन फटके मागे राहून दुसरे आले. त्या वेळी डॅनियल्स नावाचे वयस्कर, अनुभवी कॅडी त्यांच्यासोबत होते. एका होलवर उंच गवतात पडलेल्या चेंडूसाठी डॅनियल्स यांनी लोखंडी काठी सुचवली होती. सॅराझेन यांनी तो सल्ला डावलून लाकडी काठी घेतली आणि त्या होलवर ७ फटके खर्ची पडले. वीस-एकविसाव्या वर्षी तीन मोठी विजेतेपदे मिळवणाऱ्या या खेळाडूला पुढची जवळपास नऊ वर्षे एकही प्रमुख स्पर्धा जिंकता आली नाही.

वाळूचा अडथळा

सॅराझेन यांचे कार्य समजण्यासाठी बंकरचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. गोल्फच्या पूर्ण मैदानावर १८ होल असतात. प्रत्येक होल १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच, व्यासाचे असून ते बारीक कापलेल्या हिरवळीवर असते. हिरवळीच्या आसपास आणि चेंडूच्या वाटेवर मुद्दाम वाळूचे खड्डे राखलेले असतात. हा खेळ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाढला. तेथील पुळणीत वाऱ्याने आणि जनावरांच्या वावराने नैसर्गिक खड्डे पडत. पुढे समुद्रापासून दूर मैदाने तयार झाली, तेव्हाही हे खड्डे खेळाचा भाग म्हणून कायम ठेवण्यात आले.

बंकरमधून खेळताना दोन अडचणी येतात. पहिली नियमाची: फटका मारण्यापूर्वी चेंडूच्या लगत मागे वाळूला काठी टेकवल्यास दोन फटक्यांचा दंड बसतो. त्यामुळे वाळू भुसभुशीत आहे की घट्ट, याचा अंदाज केवळ नजरेने आणि पायांखालच्या स्पर्शाने घ्यावा लागतो. दुसरी अडचण साधनाची होती. १९३० पूर्वी या फटक्यासाठी ‘निब्लिक’ नावाची लोखंडी काठी वापरत. तिचे पाते तिरके असले तरी तळ पातळ आणि पुढची कड धारदार असे. चेंडूच्या थोडे मागे फटका बसला, की ही कड फावड्यासारखी वाळूत रुतत असे आणि चेंडू जागच्या जागी राहत असे. ते टाळण्यासाठी खेळाडू वाळूला स्पर्श न करता थेट चेंडू टिपू पाहत. तसे करताना काठी किंचित वर लागली तर चेंडू जोराने हिरवळीपलीकडे निघून जाई. अशा एका चुकीने हातातोंडाशी आलेली स्पर्धा जाऊ शकत असे. वाळूतून खेळताना सॅराझेन यांच्या मनातही हीच धास्ती होती.

यावर उपाय शोधणारे सॅराझेन हे पहिलेच नव्हते. १९२८ च्या सुमारास एडविन मॅक्लेन यांनी चमच्यासारखे खोलगट पाते असलेली जड काठी तयार केली होती. १९३० मध्ये बॉबी जोन्स यांनी तिचा उपयोगही केला. मात्र खोलगट पात्यामुळे चेंडूला एकाच फटक्यात दोनदा स्पर्श होण्याची शक्यता असल्याने १९३१ मध्ये नियामक संस्थांनी तिच्यावर बंदी घातली.

सँड वेजची निर्मिती

सॅराझेन यांनी नंतर सांगितलेल्या आठवणींनुसार, मूळ कल्पना त्यांना विमानामुळे सुचली. उड्डाण करताना वैमानिक दांडी मागे ओढतो, तेव्हा विमानाची शेपटी खाली जाते आणि नाक वर उचलले जाते. काठीचा मागचा भाग पुढच्या कडेपेक्षा खाली ठेवला, तर तीही वाळूत खोल न शिरता वर उचलली जाईल, असा तर्क त्यांनी केला.

१९३१-३२ च्या हिवाळ्यात फ्लोरिडातील न्यू पोर्ट रिची येथे त्यांनी हा प्रयोग केला. निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने वितळवलेल्या धातूचे थर देऊन त्यांनी तो जाड केला. मग वाळूत जाऊन फटके मारायचे, काठी कोठे अडते ते पाहायचे, कानशीने तळ घासायचा किंवा आणखी धातू चढवायचा आणि पुन्हा वाळूत उतरायचे, असा क्रम चालू राहिला. सुताराच्या घरात वाढलेल्या मुलाला हत्याराची भीती नव्हती. आपला हात चुकतो असे गृहीत धरून केवळ सराव वाढवण्याऐवजी, हातातील हत्यार या कामासाठी योग्य आहे का, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. योग्य हत्यार सापडल्यावर मात्र त्यांनी सरावातही कसूर ठेवली नाही.

या काठीने खेळण्याची रीत वरवर पाहता विपरीत वाटते, कारण तिच्यात चेंडूला मारायचेच नसते. खेळाडू पाय वाळूत किंचित रोवून उभा राहतो, पाते उघडे म्हणजे आकाशाकडे कललेले ठेवतो आणि चेंडूच्या सुमारे एक ते दोन इंच मागे वाळूवर फटका मारतो. जाड, गोलसर तळ वाळूच्या थराखालून होडीच्या तळासारखा सरकत जातो आणि वाळूचा पातळ पापुद्रा उडवतो. त्या उडालेल्या वाळूबरोबर चेंडू अलगद उचलला जाऊन हिरवळीवर येऊन पडतो. काठीचा चेंडूला प्रत्यक्ष स्पर्श जवळपास होतच नाही. काठी मध्येच थांबवली तर सारी शक्ती वाळू शोषून घेते. म्हणून फटका पूर्ण करणे, म्हणजे काठी चेंडूच्या पुढे वाहू देणे, हे या तंत्राचे मर्म आहे. तळाच्या या उतरत्या ठेवणीला आज ‘बाउन्स’ म्हणतात. आधुनिक सँड वेजच्या पात्याचा कल साधारण ५४ ते ५८ अंश असतो.

हे तत्त्व साध्या प्रयोगानेही पडताळता येते. कोरड्या वाळूत पट्टीची कड तिरकी ओढली तर ती खाली शिरते आणि अडते. चमच्याची पाठ त्याच जोराने ओढली तर ती वाळू बाजूला सारत पृष्ठभागाजवळून पुढे जाते.

१९३२ सालचे यश

ही काठी घेऊन सॅराझेन १९३२ च्या ब्रिटिश ओपनसाठी सँडविच येथील प्रिन्सेस मैदानावर उतरले. आदल्याच वर्षी एका काठीवर बंदी आली असल्याने स्पर्धेपूर्वी ही काठी अधिकाऱ्यांच्या नजरेस पडू नये, अशी खबरदारी त्यांनी घेतली. सरावाच्या दिवसांत ते ती पिशवीत उलटी ठेवत आणि संध्याकाळी कोटाखाली लपवून मुक्कामी नेत. तिचे पाते खोलगट नसल्याने ती प्रचलित नियमांत बसणारी होती. पण स्पर्धेच्या तोंडावर वाद उपस्थित होणे त्यांना नको होते.

डॅनियल्स यांची दृष्टी आता अधू झाली होती. त्यामुळे सॅराझेन यांनी प्रारंभी दुसरा, तरुण कॅडी घेतला. त्याच्याशी सूर जुळेना, तेव्हा त्यांनी पुन्हा डॅनियल्स यांनाच बोलावले. या वेळी त्यांनी म्हाताऱ्याचा शब्द मानला. चार फेऱ्यांत २८३ फटके खेळून सॅराझेन यांनी पाच फटक्यांच्या फरकाने स्पर्धा जिंकली. तोपर्यंतच्या ब्रिटिश ओपनमधील ही सर्वोत्तम धावसंख्या होती. त्यानंतर काही महिन्यांतच डॅनियल्स यांचे निधन झाले. जो विजय चार वर्षांपूर्वी एका हट्टापायी हुकला होता, तो पाहून त्यांनी डोळे मिटले.

ब्रिटनहून परतल्यावर त्याच महिन्यात न्यू यॉर्कमधील फ्रेश मेडो मैदानावर सॅराझेन यांनी यू.एस. ओपनही जिंकली. स्पर्धेचे शेवटचे २८ होल त्यांनी १०० फटक्यांत पूर्ण केले आणि अंतिम फेरीत ६६ फटके नोंदवले. एकाच वर्षी अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांच्या खुल्या स्पर्धा जिंकणारे, बॉबी जोन्स यांच्यानंतरचे ते दुसरे खेळाडू ठरले. बंकर टाळण्यासाठी सावध खेळणारा खेळाडू आता थेट होलच्या दिशेने फटके मारू शकत होता; चेंडू वाळूत गेला तरी तो बाहेर काढण्याची खात्री त्याला वाटू लागली होती. वाळूतील भीती गेल्याने वाळूबाहेरचा खेळही मोकळा झाला.

पुढे विल्सन कंपनीने या धर्तीच्या काठ्या बाजारात आणल्या आणि काही वर्षांतच त्या सर्वत्र रूढ झाल्या. त्यामुळे सॅराझेन यांना मिळालेली आघाडी प्रतिस्पर्ध्यांनाही उपलब्ध झाली. हौशी खेळाडूंना तिचा विशेष लाभ झाला. बंकर हा त्यांच्यासाठी खेळ संपवणारा खड्डा न राहता शिकून ओलांडता येणारा अडथळा झाला.

मास्टर्स व नंतरचा काळ

१९३३ मध्ये सॅराझेन यांनी तिसऱ्यांदा पी.जी.ए. अजिंक्यपद मिळवले. ७ एप्रिल १९३५ रोजी ऑगस्टा येथे मास्टर्स स्पर्धेच्या अंतिम फेरीत ते चार होल शिल्लक असताना क्रेग वुड यांच्यापेक्षा तीन फटके मागे होते. पाच फटक्यांची अपेक्षा असलेल्या १५ व्या होलवर त्यांनी सुमारे २३५ यार्डांवरून मारलेला दुसरा फटका थेट होलमध्ये गेला आणि तीन फटक्यांची पिछाडी एका फटक्यात भरून निघाली. दुसऱ्या दिवशी ३६ होलच्या निर्णायक लढतीत त्यांनी वुड यांना पाच फटक्यांनी हरवले. या विजयाने त्यांची चारही प्रमुख स्पर्धांची विजेतेपदे पूर्ण झाली. त्यानंतर बेन होगन, गॅरी प्लेयर, जॅक निक्लॉस, टायगर वूड्स आणि, २०२५ मध्ये, रोरी मॅकिलरॉय या पाच जणांनाच हा पराक्रम साधला आहे.

१९२७ ते १९३७ या काळात ते सहा वेळा रायडर चषकाच्या अमेरिकी संघात होते. त्यांच्या सर्वच सूचना मान्य झाल्या असे नाही. होलचा व्यास आठ इंच करावा, असा आग्रह त्यांनी धरला होता. तो स्वीकारला गेला नाही. १९२४ मध्ये त्यांचा मेरी हेन्री यांच्याशी विवाह झाला. न्यू यॉर्क राज्यातील जर्मनटाउन येथे त्यांनी अनेक वर्षे शेती केली. शेतीच्या आवडीमुळे त्यांना ‘द स्क्वायर’ म्हणजे जमीनदार हे टोपणनाव मिळाले. गुडघ्याखाली चुण्या घातलेली आखूड विजार हा त्यांचा पेहराव अखेरपर्यंत बदलला नाही. १९६० च्या दशकात एका दूरचित्रवाणी मालिकेचे सूत्रसंचालक म्हणून ते नव्या पिढीला परिचित झाले.

१९७३ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते पुन्हा ट्रून येथे ब्रिटिश ओपन खेळले. तेथील पात्रता फेरीतील अपयशाला पन्नास वर्षे झाली होती. ‘पोस्टेज स्टॅम्प’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या १२६ यार्डांच्या आठव्या होलवर त्यांनी पहिल्या दिवशी एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये घातला. दुसऱ्या दिवशी त्याच होलवर त्यांचा चेंडू बंकरमध्ये पडला आणि तेथून मारलेला फटका सरळ होलमध्ये गेला. दोन दिवसांत तीन फटके, आणि त्यांतील एक वाळूतून!

मुंबई आणि गोल्फ

मुंबईत गोल्फ ब्रिटिशांबरोबर आला. येथील रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबची स्थापना १८४२ ची मानली जाते. पुढे बराच काळ शहरातील बहुतेक प्रतिष्ठित क्लब केवळ युरोपीयांसाठी होते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये ताडदेव-हाजी अली परिसरात विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब सुरू झाला. तेथे भारतीय आणि युरोपीय या दोघांनाही सभासदत्व खुले होते आणि आजही तेथे गोल्फचे मैदान आहे. १९२७ मध्ये चेंबूर येथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला.

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या मैदानांवर आणि गल्ल्यांत मात्र क्रिकेट रुजले. गोल्फला लागणारी विस्तीर्ण जागा आणि खर्च या वस्त्यांच्या आवाक्यात नव्हता. तरीही बंकरमधील फटक्याचे तत्त्व येथील जुन्या पिढीला अगदीच परके वाटू नये. विटीदांडूत गलीवर आडवी ठेवलेली विटी कोलताना तिच्यावर थेट प्रहार करीत नाहीत; दांडू तिच्या खालून नेऊन तिला उचलून उडवतात. गोल्फमध्ये दांडूच्या आणि विटीच्या मध्ये वाळूचा थर असतो, एवढाच मुख्य फरक. चेंडूच्या खालून जाण्याची ही समज दोन्हीकडे सारखीच लागते.

कॅडीपासून खेळाडूपर्यंतचा सॅराझेन यांचा प्रवास भारतातही घडलेला आहे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे दिल्लीचे अली शेर हे कॅडीच्या कामातूनच पुढे आले. दुसऱ्याची पिशवी वाहणाऱ्यासाठी या खेळात शिरण्याचा तोच एक दरवाजा उघडा होता.

निधन व मूल्यमापन

१९७४ मध्ये सॅराझेन यांचा वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये पहिल्याच तुकडीत समावेश झाला. १९८१ पासून मास्टर्स स्पर्धेचा मानाचा प्रारंभिक फटका मारण्याचा बहुमान त्यांना मिळत असे. एप्रिल १९९९ मध्ये त्यांनी तो अखेरचा मारला आणि पुढच्याच महिन्यात, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ऑगस्टातील त्यांचा फटका अधिक प्रसिद्ध आहे. तथापि त्यात कौशल्याइतकाच दैवाचाही वाटा होता आणि तो त्यांच्यापुरताच राहिला. फ्लोरिडातील त्या हिवाळ्यात त्यांनी केलेले काम मात्र सर्वांचे झाले. आज एखादा नवशिक्या बंकरमध्ये उतरतो, चेंडूच्या मागच्या वाळूवर नजर ठेवून काठी फिरवतो आणि चेंडू हिरवळीवर पडलेला पाहतो, तेव्हा त्याच्या हातात एका सुतारपुत्राने आपल्या खेळातील भीती घालवण्यासाठी घडवलेल्या हत्याराचाच वारसा असतो.